फुलाबाईच्या हातून गेलेली रेती

नाशिकच्या सराफ बाजारात सोनं विकणारे पुष्कळ आणि घडवणारेही पुष्कळ, पण गटारातून सोनं काढणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. त्यांना झारेकरी म्हणतात. सोनार कानस चालवतो तेव्हा सोन्याची पूड उडते. थोडी त्याच्या कपड्यांना चिकटते, थोडी झाडूबरोबर उंबऱ्याबाहेर जाते, उरलेली हात धुतलेल्या पाण्यातून मोरीत उतरते. झारेकरी तो केर आणि तो गाळ उचलतो, नदीवर नेऊन धुतो आणि त्यातून डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढं सोनं काढतो. ज्या चिखलाला बघून तुम्ही-आम्ही धोतर नाहीतर पँट वर उचलून पलीकडे जाऊ, त्या चिखलावर त्यांची चूल पेटते.

फुलाबाई अशा घरात लग्न करून आली ती परकर सोडून नुकती साडी नेसू लागली होती तेव्हा. सासूने पहिल्याच आठवड्यात तिच्या हातात लाकडाची काथवट दिली. भाकरीचं पीठ मळायची असते तशीच, फक्त वापरून वापरून आतून गुळगुळीत झालेली. काथवटीत गाळ घ्यायचा, पाण्यात धरून असा हेलकावा द्यायचा की हलकं वरून वाहून जावं आणि जड तळाशी राहावं. तळाशी शेवटी काळी रेती राहते आणि त्या रेतीत सोनं. मग त्यात पारा फिरवायचा, पारा सोनं गिळून घेतो. राहिलेली काळी रेती नदीत सोडायची, हात जोडायचे आणि म्हणायचं, "गोदामाय, तुझं तुला." सोनं आपण घेतलं, बाकीचं तिचं तिला परत, अशी त्या घराची रीत. सासूने शिकवली, सासूला तिच्या सासूने.

फुलाबाई या कामात अशी तरबेज झाली की बाजारात तिचा दबदबा होता. एखादा सोनार चेष्टेने म्हणायचा, "फुलाबाई, आमच्या दुकानाचं निम्मं सोनं तुझ्याच घरात आहे." त्यावर ती पदर झटकून म्हणायची, "तुमच्या हातून सांडतं म्हून माझ्या हाताला लागतं. हात शिकवा की जरा." तिचा नवरा फकिरा गरीब स्वभावाचा. पहाटे दुकानांपुढचं झाडून पोती भरायची आणि बायको बोलेल तिथं मान डोलवायची, एवढं त्याने आयुष्यभर इमानाने केलं. फुलाबाईला मात्र स्वतःच्या हाताचा भारी तोरा होता. माझ्या काथवटीतून कण सुटायचा नाय, असं ती बोलायची, आणि खोटं नव्हतं ते.

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास एका सकाळी नदीच्या पायऱ्यांवर एक बाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिशीतली, खांद्याला झोळी, पायात कॅनव्हासचे बूट. छाया तिचं नाव. मूळची कळवणकडची, नाशिकच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. बराच वेळ ती फुलाबाईच्या हातांकडे बघत राहिली. फुलाबाईला वाटलं, ही फोटो काढणारी असणार. कुंभमेळ्यापासून तसल्यांचा तिला वैताग होता.

"काय बघता?" ती खेकसली.

"मावशी, तुम्ही दगडाची पूड धुऊन द्याल का?"

"सोन्याचा दगड हाय का?"

"सोनं नाही त्यात. पण मोलाने सोन्याहून जड जाईल असं काहीतरी आहे."

असं बोलणारं माणूस एकतर वेडं असतं नाहीतर मास्तर. फुलाबाईने काथवट बाजूला ठेवली.

छायाने झोळीतून एक दगड काढला. आपल्या भागातला दगड काळा, हे कुणाला सांगायला नको. गड काळे, देवळं काळी, घराच्या पायऱ्या काळ्या. छायाच्या हातातला दगड मात्र पांढऱ्या, गुलाबी आणि करड्या पट्ट्यांचा होता, आणि त्याच्या एका बाजूला आपला नेहमीचा काळा दगड चिकटलेला. कळवणजवळच्या एका खडीच्या खाणीत, काळ्या दगडाच्या पोटात तो सापडला होता. नारळाएवढा एकच. खाण रोज पुढे सरकत होती. दुसरा मिळावा म्हणून छाया सुट्टीच्या दिवशी जाऊन शोधत होती, पण मिळाला नव्हता.

"आपला काळा दगड म्हणजे एके काळी वाहिलेला, पेटलेला रस," छाया सांगू लागली. "थरावर थर साचत गेले. साडेसहा कोटी वर्षं झाली त्याला. त्याच्याखाली काय आहे ते इथं कुणालाच दिसत नाही. पण दूध उतू जाताना तळाची करपलेली खरपुडी कधी कधी वर येते ना, तसा हा तुकडा खालून वर आला. हा तळाचा आहे, मावशी. काळ्या दगडाच्या आधीची जमीन."

"आधीची म्हंजी कवाची?"

"तेच शोधायचंय. हा दगड खोल जमिनीत दाबला गेला, भाजला गेला, त्याचं रूप पालटलं. म्हणून त्याच्याकडे बघून वय कळत नाही. पण त्याच्यात झिरकॉन नावाचे कण असतात, रेतीहून बारीक. बाकी सगळं पालटलं तरी तो कण टिकतो. त्याच्यात युरेनियम असतं, त्याचं ठरलेल्या चालीने शिसं होत जातं. उदबत्तीची राख किती पडली आणि काडी किती राहिली, हे बघून ती कधी लावली ते सांगता येतं की नाही? तसंच हे."

कॉलेजात पूड धुवायचं यंत्र नव्हतं. छायाने आधी दुसऱ्या दगडांची पूड स्वतः टबात धुऊन पाहिली होती, तेव्हा जड-हलकं सगळंच पाण्याबरोबर गेलं होतं. म्हणून ती सराफ बाजारात आली. फुलाबाईला त्यातलं निम्मं समजलं, निम्मं नाही. पण दगडाला वय असतं आणि ते एका कणात साठलेलं असतं, ही गोष्ट तिला आवडली. "दे इकडं," ती म्हणाली. "माझ्या काथवटीतून कण सुटायचा नाय."

छायाने दगड कुटून पूड करून आणली. मुठीत मावेल एवढा एक तुकडा तिने न कुटता मागे ठेवला होता, कारण नमुन्याचा एक तुकडा नेहमी राखायचा असतो, नाहीतर पुढे कुणी विचारलं तर दाखवणार काय? फुलाबाईला तिने बजावून सांगितलं, "शेवटी जी काळी रेती राहील ना मावशी, तीच मला हवी. तीच सगळी." फुलाबाईने मान हलवली. तिला ते पक्कं समजलं होतं, त्यात काही घोळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूड घेऊन पायरीवर बसली. काम छान लागलं. पांढरी, गुलाबी पूड हलकी, वरून निघून चालली. तळाशी काळसर रेतीची बारीक रेघ उमटली. शेजारच्या पायरीवरची फुलं विकणारी बाई तिच्याशी बोलत होती, कुणाच्या तरी सुनेचं गाऱ्हाणं चाललं होतं. फुलाबाई हूं हूं करत होती. रेघ स्वच्छ झाली. तिचं मनगट वळलं, काथवट कलली, रेती पाण्यात गेली, हात जोडले गेले.

"गोदामाय, तुझं तुला," असं ती म्हणालीसुद्धा.

मग तिने खाली पाहिलं. काथवट रिकामी होती.

चाळीस वर्षं तिच्या हाताने काम संपल्यावर तेच केलं होतं. आज हाताने डोक्याला विचारलंच नाही. शेजारीण बोलतच होती आणि फुलाबाईला तिचा एक शब्द ऐकू येत नव्हता.

ती कमरेइतक्या पाण्यात उतरली. ज्या जागी रेती पडली तिथली वाळू उपसली, धुतली, परत उपसली, परत धुतली. काळी रेती निघाली, ओंजळभर निघाली. नदीत ती असतेच. त्यातली दगडाची कोणती आणि गोदेची कोणती, हे देवालाही सांगता आलं नसतं. फकिरा पोतं टाकून धावत आला. सगळं ऐकून त्याने आयुष्यात पहिल्यांदा बायकोला सल्ला दिला, "अगं, हीच दे की तिला. काळी ती काळी. कोन वळखनार हाय?"

फुलाबाई भिजलेल्या लुगड्याने तशीच उभी राहिली. खरंच, कोण ओळखणार होतं? पुडी बांधायची आणि द्यायची. तोरा शाबूत राहिला असता. तिला त्या क्षणी छायाचं बोलणं आठवत नव्हतं, पट्टेदार दगड दिसत होता. काळ्या पोटात कधीचा दडून बसलेला, मोठ्या मुश्किलीने वर आलेला, आणि आता त्याच्या नावाने भलत्याच रेतीचं वय सांगितलं जाणार. मेलेल्या माणसाच्या जागी दुसऱ्याला उभं करण्यातला हा प्रकार होता. तिने ओंजळ पाण्यात सोडून दिली.

त्या संध्याकाळी ती छायाच्या घरी गेली आणि दारातच बोलली, "माझ्या हातनं गेलं. सगळं गेलं. नदीत गेलं."

छायाने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग तिने एकच विचारलं, "थोडंसुद्धा नाही?"

"नाय."

"खाण पुढं गेली, मावशी. ती जागा आता राहिली नाही." एवढं म्हणून छायाने दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळूच लावलं. त्याचा फुलाबाईला जास्त त्रास झाला.

त्यानंतर फुलाबाईचं बोलणं कमी झालं. सोनारांनी चेष्टा केली तरी ती उत्तर देईना. फकिराला वाटलं बायकोला ताप आहे. पायरीवर बसून ती रोजचा गाळ धुवायची, पारा फिरवायची, आणि रेती सोडायची वेळ आली की थांबायची. चाळीस वर्षं आपण हे काय सोडत आलो, असं तिच्या मनात यायचं. त्यात कुणाकुणाचं वय होतं? आपण नुसतं पिवळं शोधत बसलो.

पावसाळा सरल्यावर ती एके दिवशी उठली आणि कॉलेजात गेली. तिथं ती कधी गेली नव्हती. शिपायाने हटकलं, तर "छाया मॅडमकडं काम हाय" म्हणून जिन्याशी बसून राहिली. तास सुटल्यावर छायाने तिला पाहिलं.

"मला ते दाखवा," फुलाबाई म्हणाली. "मी काय घालवलं ते मला बघू द्या."

छायाच्या मनात काय आलं कोण जाणे. ती तिला प्रयोगशाळेत घेऊन गेली. त्याच दगडाची कागदासारखी पातळ केलेली चकती काचेवर चिकटवली होती. ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून छाया म्हणाली, "एक डोळा लावा."

फुलाबाईने डोळा लावला आणि तिच्या तोंडून "अगं बया!" निघालं. पांढरा-करडा दगड आत रंगांनी नुसता फुलून आला होता. येवल्याच्या पैठणीच्या पदरावर नजर फिरावी तशी तिची नजर त्यातून फिरत राहिली. छायाने चकती जरा सरकवली. "मधोमध बघा. तांबूस पापुद्र्यात तांदळाच्या कणीसारखं दिसतंय का? दोन्ही टोकांना निमुळतं?"

"दिसतंय. त्याच्याभवती काळं कडं हाय."

"ते त्यानेच केलंय. त्याच्यातलं युरेनियम फुटतं, त्याचा मारा शेजारच्या खनिजाला बसतो. तोच डाग आहे तो. काळा दगड वाहायच्या आधीपासून हे चाललंय, आत्ताही चाललंय."

फुलाबाई डोळा काढीना. बराच वेळ गेल्यावर तिने विचारलं, "हे जल्मलं तवा नाशिक होतं का?"

"नाशिक नव्हतं, नदी नव्हती, हे डोंगर नव्हते. मावशी, एक वेळ अशी होती की जमीनच नव्हती. सगळं तापलेलं, मग पाणी. त्यात पहिल्यांदा घट्ट जमीन कुठं आणि कशी वर आली, ते जगात कुणालाच नीट ठाऊक नाही. असे कण ते सांगतात."

"जिमीन बी नव्हती?"

"नव्हती."

फुलाबाईने डोळा काढून पायाखाली पाहिलं. फरशी होती, तिच्याखाली मजला, त्याच्याखाली जमीन. या जमिनीला तिने जन्मभर आई म्हटलं होतं. आईसुद्धा कधीतरी जन्माला आली असणार, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि ते का आलं ते तिला सांगता आलं नसतं.

छाया कपाटापाशी गेली. आतून तिने तो राखून ठेवलेला तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. हा कुटला की त्या चकतीखेरीज दाखवायला काही राहणार नव्हतं. कॉलेजातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने तिला वेड्यात काढलं असतं.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही नदीतली रेती बांधून आणली असती तर मला ओळखू आली नसती. मी तिचं वय काढून जगाला सांगत बसले असते." ती जरा थांबली. "हा धुवाल?"

"नगं, मॅडम. माझा हात खोटा हाय."

"हात खोटा असेल. तुम्ही नाही."

या खेपेला नदी नको, असं दोघींनी ठरवलं. भांडी बाजारातून कोरी घमेली आणि कोरी काथवट आणली, कारण जुन्या काथवटीच्या भेगेत बाजाराचा एखादा कण अडकलेला असला तरी घोटाळा. कॉलेजच्या मागच्या आवारात नळाच्या पाण्यावर काम सुरू झालं. फुलाबाईने छायाला अगदी जवळ बसवून घेतलं आणि सांगितलं, "रेघ उमटली की माझं मनगट धरा. घट्ट धरा. मी सोडा म्हनलं तरी सोडू नका."

छायाला हसू आलं, पण तिने मान डोलावली. पूड थोडी होती. फुलाबाई इतकी हळू हेलकावे देत होती की पाणी हलतंय की नाही कळू नये. फकिरा लांब उभा राहून देवाचं नाव घेत होता. हलकं निघून गेलं. तळाशी रेघ उमटली, केसाएवढी. फुलाबाई तिच्याकडे टक लावून होती, सगळं लक्ष त्या रेघेवर होतं, आणि तरीही, सगळं ठाऊक असूनही, तिचं मनगट वळू लागलं.

छायाने ते दोन्ही हातांनी धरलं. दोघी तशाच बसून राहिल्या. फुलाबाईचा हात तिच्याच मर्जीविरुद्ध वळायला जोर करत होता, आणि ते बघून छायाचं हसू पार मावळलं. मग हात शांत झाला. काथवट सपाट जमिनीवर टेकली.

त्या रेघेतून छायाने चुंबकाने लोखंडी कण बाजूला केले. मग ओल्या सुईच्या टोकाने, सूक्ष्मदर्शकाखाली, फिकट गुलाबी कण एकेक वेचले. थोडेच होते. फुलाबाईला प्रत्येक कण बघायला मिळाला. ते कण राळेच्या एका चकतीत बसवून छायाने परदेशात शिकणाऱ्या मैत्रिणीकडे पाठवले. तिथल्या मोठ्या यंत्राची वेळ मिळायला वर्षं लागणार होती, आणि लागली. दरम्यान सराफ बाजारात काचेची दुकानं झाली, कारागीर पूड ओढून घेणारी यंत्रं लावू लागले, गटारं झाकली गेली. फुलाबाईचं काम आटत चाललं. ती छायाला भेटली की एवढंच विचारायची, "बोललं का ते?" छाया म्हणायची, "अजून नाही."

नवं शतक लागून थोडा काळ गेला असेल. दुपारची वेळ होती. छाया स्कूटी उभी करून फुलाबाईच्या खोलीवर आली, उंबऱ्याशीच बसली आणि म्हणाली, "बोललं, मावशी."

फुलाबाई हातातलं काम टाकून समोर बसली.

"कणाचं वरचं साल अडीचशे कोटी वर्षांचं. दगड खोल दाबला, भाजला गेला, रूप पालटलं, तेव्हाचं. आणि आतला गाभा तीनशे तीस कोटी वर्षांचा."

फुलाबाईला कोटी म्हणजे किती ते ठाऊक नव्हतं, आणि खरं तर छायालाही ते नुसतं लिहिता येत होतं. "तवा काय होतं वर?" तिने विचारलं.

"झाड नाही, गवत नाही, पाखरू नाही. पाण्यात कदाचित डोळ्यांना न दिसणारे जीव. नुसती उघडी जमीन, तीही थोडी. त्या जमिनीचा हा कण. आपण नाशिककर त्याच्यावरच उभे आहोत, मधे काळ्या दगडाचं पांघरूण आहे एवढंच."

"बघायला कोनीच नव्हतं."

"कोणीच नव्हतं."

"मंग हे एकटंच होतं." फुलाबाईने तळहात उघडून पाहिला. काही वर्षांपूर्वी असा कण त्या तळहाताच्या अंतरावर होता. मग तिने छायाकडे बघितलं आणि जे इतकी वर्षं गिळून ठेवलं होतं ते विचारलं. "मॅडम, मी जे पहिलं नदीत घालवलं, त्यात याच्याहून जुनं असंल?"

छायाला नाही म्हणता आलं असतं. म्हातारीचं मन हलकं झालं असतं. पण याच बाईने दारात उभं राहून तिला खरं सांगितलं होतं.

"असेलही," ती म्हणाली. "एका दगडात वेगवेगळ्या वयाचे कण सापडतात. नदीत गेले ते खूप होते, हाती राहिले ते थोडे. आता कधीच कळणार नाही."

फुलाबाईने मान हलवली. रडली नाही. बाहेरून कुणाचा तरी टेम्पो गेला.

मग छायाने झोळी पुढे ओढली आणि आतून एक दगड काढून उंबऱ्यावर ठेवला. सटाण्याच्या बाजूला एका नव्या खाणीत सापडला होता. काळ्या पोटात पांढरे पट्टे, मागच्यापेक्षा लहान.

फुलाबाई मागे सरकली. "नगं. आता मला भ्या वाटतं, मॅडम. पयलं नव्हतं वाटत."

"म्हणून तर तुमच्याकडे आणलाय," छाया म्हणाली.